आत्याबाईंनी बांधलेलं आभाराचं गाणं

गर्व वाईट, असं आमच्या पाळकसाहेबांनी कितीतरी रविवारी सांगितलंय. मी दर वेळी मान डोलावते आणि घरी येऊन पुन्हा गर्व करते. कारणच तसं आहे. आमच्या भागातल्या बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांत सुगीच्या उपासनेला आभाराचं जे गाणं म्हणतात, ते माझ्या सासूबाईंनी बांधलेलं आहे. शब्द त्यांचे, चाल त्यांची. पेटी तेवढी माझी. गेल्या वर्षी जालन्यात माझ्या माहेरच्या चर्चमध्ये ते म्हटलं, तेव्हा मी पुढच्या बाकावर ताठ बसले होते. कुणीतरी ते मोबाइलवर टाकलं आणि खाली लिहिलं, ‘पारंपरिक गीत’. माझं डोकंच फिरलं. पारंपरिक कसलं? ज्या बाईनं ते बांधलं ती अजून आमच्या चुलीपुढं बसून भाकरी थापते, आणि कालवणात मीठ कमी पडलं तर मला बोलणीही घालते.

मात्र हे गाणं एका चुकीतून निघालं आणि ती चूक माझी होती. तेवढं लपवून नुसती शेखी मिरवली तर देवाला आवडायचं नाही, म्हणून सगळं सांगते.

मी जालन्याची. वडील दवाखान्यात ड्रेसर होते. दिवसभर लोकांच्या जखमा धुवायचे आणि संध्याकाळी हातपाय धुऊन पेटी काढायचे. दिवसभराचं कण्हणं कानातून काढायला मला एवढंच औषध लागू पडतं, असं म्हणायचे. दोन गीतं झाली की माणूस हलका व्हायचा, आईशी थट्टा करायला लागायचा. मी आठ वर्षांची असताना त्यांनी माझी बोटं पट्ट्यांवर ठेवली, आणि दहावीत जाईपर्यंत रविवारच्या उपासनेला मीच पुढं बसून वाजवायला लागले. गावभर कौतुक व्हायचं. तेव्हापासूनच माझी मान जरा कडक झाली असावी.

आता आमच्या गीतांच्या पुस्तकाचं सांगितलं पाहिजे, कारण सगळा घोळ तिथंच झाला. त्या पुस्तकात नुसते शब्द असतात. सूर कुठंही छापलेले नाहीत. चाल एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाते, आईकडून लेकीकडं, एका गावाहून दुसऱ्या गावाला. त्यामुळं जालन्यात एखादं गीत ज्या चालीवर म्हणतात, त्याच गीताला शहागडकडं दुसरीच चाल असते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आमची चाल खरी आणि खेड्यापाड्यात गेलेल्या चाली बिघडलेल्या, अशी माझी पक्की समजूत होती. शहरातल्या माणसाला अशा समजुती फुकट मिळतात.

लग्न होऊन मी वडीगोद्रीजवळच्या गावात आले. नवऱ्याचं हायवेला मोटारी भरायचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत तांब्याची तार पुन्हा भरून द्यायची, हा त्यांचा धंदा. गावात आमच्या लोकांची आठ घरं, आणि प्रार्थनेला पत्र्याची एक लांब खोली. वडिलांनी आंदण म्हणून मला त्यांची पेटी दिली. टेम्पोत कपाट होतं, दिवाण होता, भांडी होती, पण पेटी मी अंगावरच्या शालूसकट मांडीवर घेऊन बसले. कपाटाला पोचा आला तर येऊ दे म्हटलं.

आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. माझ्या आत्याबाईंची कीर्ती मी लग्नाआधीच ऐकली होती. मंडळीत पुढं म्हणणारी बाई म्हणजे त्याच. त्यांनी एक ओळ उचलली की मागून आठही घरं उचलायची. नाताळाला त्यांचा आवाज ऐकायला हिंदू आळीतल्या बायाही पोरं कडेवर घेऊन दारात उभ्या राहायच्या. मी आले तेव्हा मात्र त्या गात नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचा थोरला मुलगा वारला होता. ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल गेली. माझे दीर ते. मी त्यांना फोटोतच पाहिलं. एवढं मला ठाऊक होतं. आई गायची थांबली यात नवल काय, काळ जाईल तशी गाईल, असं मी आपलं धरून चालले होते.

लग्नानंतरचा पहिला रविवार. पाळकसाहेबही त्याच महिन्यात नवीन आले होते. पाच गावं सांभाळत मोटारसायकलवर फिरायचे. त्यांनी एका गीताचा नंबर सांगितला. देवाचे उपकार आठवायचं गीत. आमच्या गावात ते कुणी कधी म्हटलेलंच नव्हतं, पण मला चांगलं पाठ होतं. आता दाखवतेच यांना, असं म्हणून मी जालन्याची चाल छान ठसक्यात सुरू केली. डोळे मिटलेले, मान डुलतेय. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, आणि ढोलकी थांबली.

ढोलकी वाजवायला शेजारचे मामा यायचे. त्यांची मेंढरं, थोडी शेती. गावच्या भजनी मंडळात तेच वाजवायचे आणि आमच्या उपासनेलाही तेच. मी डोळे उघडले तर मामांनी ढोलकी आडवी करून ठेवली होती आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. गायला उभ्या राहिलेल्या बाया एकेक करून खाली बसल्या. आणि पहिल्या रांगेतून आत्याबाई उठल्या, पदर सारखा केला आणि बाहेर चालत्या झाल्या. मी तरीही पुढची ओळ वाजवली. कुणीच गात नाही हे कळायला मला इतका वेळ लागला.

बाहेर आल्यावर नवऱ्यानं सांगितलं, “ती मातीची चाल हाय.”

आमच्याकडं माणूस गेला की त्याला माती देतात. घरातून शवपेटी उचलली की कबरस्तानापर्यंत चालत चालत एक गीत म्हणायचं असतं. त्या गीताला आमच्या गावात जी चाल आहे, तीच जालन्यात या उपकाराच्या गीताला आहे. गावात ती चाल त्या वाटेशिवाय दुसरीकडं कुठंही कुणी तोंडात घेत नाही. पोरांनी गुणगुणली तरी मार बसतो. आणि शेवटची ती ऐकू आली होती दिरांच्या वेळी. तेव्हा पुढं म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं म्हणून आत्याबाईंनी स्वतःच्या लेकाच्या पुढं चालत, घरापासून कबरीपर्यंत, ती एकटीनं म्हटली होती. एकदाही आवाज हलला नाही म्हणतात. त्यानंतर त्यांनी गाण्यासाठी तोंड उघडलं नव्हतं.

“मंग मला आधी का न्हाई सांगितलं?” मी नवऱ्यावरच उखडले.

“तुला ठावं असंल असं वाटलं,” ते म्हणाले. “असलं कुणी सांगतं का?”

त्या दिवशी आत्याबाई मला काही म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. मी उत्तर द्यायला तयार बसले होते. त्यांनी ताट वाढलं, वर लोणचं वाढलं आणि म्हणाल्या, “जेव जल्दी, गार व्हईल.” मी पेटीवर चादर टाकून ती कपाटामागं सरकवली आणि आता हात लावणार नाही, असं ठरवून टाकलं. मंडळीत पुन्हा पुरुषांचं रटाळ म्हणणं सुरू झालं, आणि आत्याबाई पुस्तक न उघडता पुढं बसून राहू लागल्या.

घरात मात्र त्यांची एक गोष्ट चुकत नसे. पहाटे चूल पेटवली की डोक्यावर पदर घेऊन मोठ्यानं प्रार्थना करायच्या. पुस्तकी प्रार्थना नाही, घरच्याच शब्दांत. पाटाला पाणी सोडलंस, देवबापा, तुझे आभार. शेळी याली, तुझे आभार. दुकानाला गिऱ्हाईक धाडलंस, तुझे आभार. दारातल्या लिंबाचेसुद्धा आभार. अंथरुणात पडल्या पडल्या मी रोज ऐकायची, आणि हळूहळू माझ्या ध्यानात आलं की या सगळ्या यादीत माझ्या नवऱ्याचं नाव कुठंच नाही. मला राग आला. एक दिवस दुकानावर डबा घेऊन गेले तेव्हा बोलूनच टाकलं.

“शेळीचे आभार, लिंबाचे आभार. अन् पोटच्या लेकाचे न्हाईत? तुम्ही काय शेळीपेक्षा कमी?”

ते मोटारीत तार भरत होते. हात न थांबवता म्हणाले, “आधी म्हणायची की. ‘दोन लेकरं दिलीस, देवबापा, तुझे आभार.’ रोज म्हणायची. भाऊ गेला तवापासून दोन म्हणायला धीर व्हईना, अन् एक म्हणायला जीभ उचलंना. मंग ती ओळच सोडून देती.”

मी डबा ठेवून तशीच घरी आले. मला माझीच लाज वाटली, आणि त्या बाईबद्दल इतकी माया दाटून आली की तिला मिठी मारावी असं वाटलं. आमच्या घरात सासूला कुणी मिठी मारत नाही. मग मी कपाटामागून पेटी काढली.

माझा बेत असा होता की आत्याबाईंच्या प्रार्थनेचे शब्द घ्यायचे, त्यांना सुंदर चाल लावायची आणि सुगीच्या उपासनेला ते गाणं मंडळीपुढं म्हणायचं. चुकीची भरपाई होईल, आणि आपलं नावही होईल. दोन्ही मनात होतं, खोटं कशाला बोलू? दुपारी आत्याबाई ओसरीवर ज्वारी पाखडत बसल्या की मी आत पेटी घेऊन बसायची. वडिलांनी शिकवलेलं सगळं त्या चालीत कोंबलं. मुरक्या, हेलकावे, वर चढून खाली घसरणं. तीन दिवस आत्याबाई पाखडत राहिल्या. चौथ्या दिवशी सुपाचा आवाज थांबला.

“पोरी, हिच्यात दम कुठं घ्यायचा?”

मी बाहेर आले. त्या माझ्याकडं न बघता बोलत होत्या. “आपल्या बाया दिवसभर खुरपून आल्याल्या असत्यात. त्यांला तुझे हे हेलकावे जमतेन का? अन् आभार काय तू एकटीनंच मानायचे? दुसऱ्याला बी म्हणू दे की.”

“मंग तुम्ही सांगा कसं म्हणायचं.”

“मला न्हाई येत.”

पण सूप खाली ठेवून त्यांनी हात वर केला. हातानंच दाखवायला लागल्या. इथून उचलायचं, इथं चढवायचं, तिथं धरून ठेवायचं, लांब, अजून लांब, मग सोडून द्यायचं. मी पेटीवर सूर शोधायची आणि त्या मान हलवून नाही म्हणायच्या. ‘न्हाई, वर. बराबर. आता धर.’ आठ-दहा दुपारी असं चाललं. त्या बाईनं तोंडातून एक सूर न काढता मला अख्खी चाल शिकवली. एवढा कडक गुरू मला वडिलांतही भेटला नव्हता. सूर तीनच होते, फार तर चार. ओळ संपली की त्या बोट वर करायच्या: आता गप बसायचं. त्या जागेत मी सवयीनं दोन सूर भरले, तर हातावर चापट बसली.

“तिथं पेटी वाजवायची न्हाई.”

“किती वेळ गप बसायचं?”

“पलीकडून आवाज येईस्तोवर,” त्या म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.

मला वाटलं, पलीकडून म्हणजे मंडळीकडून. ओळ एकानं म्हणायची आणि ‘तुझे आभार’ सगळ्यांनी. चांगली सोय आहे म्हटलं. एका संध्याकाळी मी ते वाजवत असताना नवरा दुकानावरून आला आणि हात धुता धुता दारातच थांबला.

“हे कुठून आणलं?”

“आत्याबाईंनी बांधलेली चाल हाय.”

“ही चाल न्हाई, हाळी हाय,” ते म्हणाले. “दुपारच्याला आम्ही दोघं भाऊ पाटावर पोहायला गेल्तो की आई बांधावरून अशीच हाळी द्यायची, जेवायला या म्हणून. हाळी दिली की गप उभी राह्यची. आमची ओ आली की मंगच माघारी फिरायची.”

मी भाता सोडला आणि रडले. चुलीपाशी आत्याबाईंना ते ऐकू गेलं असणार, पण त्या आल्या नाहीत. त्या रात्री मला एक गोष्ट उमगली आणि ती मी तेव्हापासून धरून आहे. मी आजवर गाणं म्हणजे देवापुढं मांडायची आरास समजत होते. या बाईनं मात्र जे दुखतं तेच उचलून देवासमोर ठेवलं होतं, आणि त्याचीच चाल झाली होती. विश्वास असल्याशिवाय असं करता येत नाही. पलीकडं कुणीतरी आहे हे मनोमन पटलेलं असलं, तरच माणूस हाळी देऊन वाट बघत उभा राहतो.

सुगीची उपासना आली. वेदीपुढं बाजरीची कणसं, कापसाची बोंडं, मोसंब्यांची पाटी, उसाच्या मोळ्या रचल्या. पाळकसाहेबांना मी सांगून ठेवलं होतं. आत्याबाईंना मात्र मी परोपरीनं विनवलं तरी त्या बधल्या नव्हत्या. “बिलकुल न्हाई. चाल दिली, तेवढं बास झालं. तू म्हण.” माझा आवाज बरा आहे, पण पेटीच्या आधारानं चालणारा आहे. तरी काय करणार? मंडळीला मी समजावून सांगितलं: मी ओळ म्हणेन, मग तुम्ही ‘तुझे आभार’ म्हणायचं. बायांनी माझ्याकडं जरा संशयानंच पाहिलं. ढोलकीवाल्या मामांनी टोपी घट्ट बसवली. ते बघून मला धीर आला.

मी सुरू केलं. पाटाला पाणी दिलंस, देवबापा. आणि घाबरून गेले असल्यामुळं थांबायच्या जागी थांबलेच नाही. मंडळी तोंड उघडतेय तोवर मी दुसऱ्या ओळीत शिरले. कुणाचं काय चाललंय कुणाला कळेना. तेवढ्यात माझ्या भात्यावरच्या हातावर एक खरबरीत हात पडला.

“अगं दम धर की जरा!” आत्याबाई भर मंडळीत म्हणाल्या. “कुठं पळून राह्यली?”

कुणीतरी हसलं. आणि मग त्यांनी, तशाच उभ्या उभ्या, पदर डोक्यावर ओढून, ओळ उचलली.

तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. दोन वर्षं न वापरलेला, सुरुवातीला चिरका, आणि मग पत्र्यापर्यंत भरून जाणारा. पाटाला पाणी दिलंस, देवबापा. त्या थांबल्या. माझे हात मांडीवर होते. खोलीतून आवाज आला, तुझे आभार. कणसात दाणा दिलास. तुझे आभार. शेळीला करडं दिलीस, दारात सावली दिलीस. ओळीगणिक लोकांचा आवाज चढत गेला. बाया रडत होत्या आणि गातही होत्या. माझी छाती तर अशी भरून आली होती की ही माझी सासू आहे, माझी, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं. चार ओळी झाल्या. आम्ही बसवलेलं गाणं तिथं संपत होतं. मी शेवटचा सूर धरला.

आत्याबाई खाली बसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा तोच सूर उचलला, चढवला आणि लांब धरला.

“दोन लेकरं दिलीस, देवबापा.”

आणि थांबल्या. ढोलकी थांबली. मी पेटीवरचा हात काढला. आठही घरांना ती ओळ माहीत होती, आणि ती गेली दोन वर्षं का सुटली होती हेही. आत्याबाई तशाच उभ्या होत्या, दाराकडं तोंड करून.

मग मागच्या भिंतीपाशी पुरुषांतून एक आवाज आला. माझा नवरा कधी गात नाही. त्याला सूर नाही हे त्यालाही माहीत आहे.

“तुझे आभार,” तो म्हणाला, मोठ्यानं, बेसूर, पाटावरून ओ द्यावी तसा.

आत्याबाईंनी मान वळवून लेकाकडं बघितलं, आणि तीच ओळ पुन्हा म्हटली.